पुण्याहून एका दिवसात: बगाड, बोरीचा बार आणि निघोजचे रांजण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, घरात नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत. लोणावळा, सिंहगड, महाबळेश्वर करून झालं. सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल असं काही जगावेगळं आहे का, आणि वाईजवळचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच बांधून ओढतात तो गाडा, किंवा तो शिव्यांचा बोरीचा बार मुलीला दाखवण्यासारखा आहे का?

आहे, भरपूर आहे. मी गेली एकवीस वर्षं पुण्यातून वीस-बावीस जणांच्या एका दिवसाच्या सहली नेते, त्यातल्या निम्म्याहून जास्त अशाच ठिकाणी जातात. पण ठिकाणांआधी एक गोष्ट सांगते, कारण सगळे तिथेच फसतात. गावचे उत्सव रविवार बघून होत नाहीत, ते तिथीवर चालतात. रजा तिथीप्रमाणे टाकायची तयारी असेल तरच यातलं खरं काही हाती लागतं.

तिथी बघतानाही जपून. मोबाईलमधली बरीच पंचांगं उत्तर भारतातल्या पद्धतीने महिने मोजतात. तिकडे पौर्णिमेला महिना संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी, तिथे चैत्र कृष्ण पंचमी म्हणून दिसते. तुम्ही चैत्र म्हणून शोधायला गेलात की थेट महिनाभराने पोहोचता. दुसरा घोळ अधिक महिन्याचा. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता. श्रावण शुद्ध पंचमी दोनदा आली, पण नागपंचमी झाली ती नंतरच्या, खऱ्या म्हणजे निज श्रावणात, 21 ऑगस्टला. बोरीचा बार नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी असतो. त्या जुलैमध्ये मला तीन-चार जणांचे फोन आले, 'ताई, आम्ही बोरीत उभे आहोत, इथे तर कोणीच नाही.' म्हणून भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघा, आणि आठवडाभर आधी त्या गावातल्या एखाद्या दुकानदाराला फोन करून विचारून घ्या. गावाने सांगितलेली वेळ हीच खरी वेळ.

आता बगाडाबद्दल. बावधन हे वाई तालुक्यातलं गाव, पुण्याहून नव्वदेक किलोमीटर. ग्रामदैवत भैरवनाथ, त्याला काशिनाथही म्हणतात. होळीच्या रात्री देवळात कौल लावतात आणि नवस फेडणाऱ्यांतून त्या वर्षीचा बगाड्या ठरतो. त्याला कौल मिळाला की अख्खं गाव कामाला लागतं. रंगपंचमीच्या सकाळी कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून बगाड निघतं आणि शेतांमधून ओढत संध्याकाळपर्यंत बावधनात आणतात. अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटरचं, पण त्याला सगळा दिवस लागतो.

बगाड म्हणजे अवजड चाकांचा प्रचंड लाकडी गाडा. त्यावर उभा खांब, खांबावर आडवं लांबलचक लाकूड, म्हणजे शीड, आणि शिडाच्या वरच्या टोकाला कापडाने घट्ट बांधलेला बगाड्या, पांढऱ्या धोतरात आणि मुंडाशात. दोन-तीन मजली घराच्या उंचीवर तो माणूस लोंबकळत असतो. पूर्वी असे नवस पाठीत गळ टोचून फेडायचे. बावधनात आता बगाड्याला कापडाने बांधतात, मुलीला हे आधीच सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाही. पुढे खिलार बैलांच्या जोड्या, एका वेळी दहा-बारा बैल. ठरावीक टप्प्यावर बैल सोडतात आणि ताज्या दमाच्या जोड्या जुंपतात. ही जुंपणी बघण्यासाठीच मी दरवर्षी जाते असं म्हटलं तरी चालेल.

लोक वर बघतात, तुम्ही खाली बघा. गाडा थांबला की दहा-पंधरा माणसं चाकांपाशी धावतात. कोणी कण्याला वंगण चोपडतो, कोणी पहारीने चाकाखालचं ढेकूळ फोडतो, कोणी दोर तपासतो. एक म्हातारे गृहस्थ मी सलग चार वर्षं पाहिले. ते काहीच ओढत नाहीत, नुसते कण्याला कान लावून उभे राहतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, 'लाकूड मोडायच्या आधी बोलतंय.' त्यांनी हात वर केला की गाडा थांबायचा. मग पुन्हा 'काशिनाथाचं चांगभलं' असा पुकारा होतो, बैलांच्या माना एकदम खाली जातात, आणि ती चाकं नांगरलेल्या रानातून ढेकळं चिरडत निघतात. तो आवाज पोटात घुमतो. त्या वेळी वर बांधलेला माणूस हात जोडून असतो आणि त्याच्या घरच्या बायका गाड्याच्या मागून अनवाणी चालत असतात. हे सगळं त्या गावासाठी तमाशा नाही, फार गंभीर काम आहे. 2021 मध्ये कोरोनाचे निर्बंध असतानाही गावाने बगाड ओढलं आणि त्याबद्दल गुन्हेही दाखल झाले. ते योग्य होतं असं मी म्हणत नाही, पण गावाचा जीव त्यात किती गुंतलेला आहे ते त्यावरून कळतं.

आता सोय. पुण्यातून पहाटे साडेपाचला निघा. आधी बावधनला न जाता वाई ओलांडून मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट सकाळी अगदी शांत असतो. घाटावरच्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे, ती नीट बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. भीमाशंकरालाही अशी एक आहे. महादेवाच्या दारात मेरीची घंटा म्हटल्यावर मुलं प्रश्नांचा पाऊस पाडतात, आणि वसईची सगळी गोष्ट त्या घंटेखाली उभं राहून सांगता येते. वाड्यातून घाटाकडे उतरायला पायऱ्या आहेत, सासूबाईंना वरच्याच टप्प्यावर सावलीत बसवा.

नऊ-साडेनऊला तिथून निघा. गाडी गावापासून लांबच लावावी लागते आणि पुढे चालावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसाने बगाडाच्या मागे रानातून फिरू नये. सासूबाईंना थेट बावधनात, देवळाकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या एखाद्या ओट्यावर बसवा. विचारलंत तर कोणीही सतरंजी टाकून देतं. तुम्ही आणि मुलगी सोनेश्वराच्या बाजूला जा, तासभर बघा आणि परत या. बैलांच्या पुढे आणि दोरांच्या आत कधीही उभं राहायचं नाही. बैल बुजला तर माणसाला पळायला जागा लागते. मुलीचा हात सोडू नका, आणि ड्रोन उडवायच्या भानगडीत पडू नका, बैल बिथरतात. संध्याकाळी बगाड गावात पोहोचेपर्यंत थांबायचं असेल तर घरी यायला रात्रीचे अकरा होतील असं धरून चाला. मी लहान मुलं असलेल्या कुटुंबांना चारलाच परत फिरवते.

रंगपंचमीलाच नाशिकमध्ये पेशवेकाळातल्या रहाडी उघडतात. वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवून ठेवलेले ते हौद, त्यात फुलांचा रंग उकळून भरतात आणि लोक त्यात धप्पकन उड्या मारतात. त्याच दिवशी पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा असते, तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. दोन्ही बघावं असंच आहे, पण पुण्याहून नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन एका दिवसात ओढाताण होते. मुक्कामाने जा.

बोरीचा बार हा मात्र अगदी एका दिवसाचा. खंडाळा तालुक्यात लोणंदजवळ सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही गावच्या बायका वाजतगाजत आपापल्या काठावर येतात आणि एकमेकींना हातवारे करून शिव्या देतात. हलगी, ताशा, शिंगं यांचा एवढा कल्लोळ असतो की शब्द फारसे ऐकूच येत नाहीत. गावात गोष्ट सांगतात ती दोन सवतींची: एकाच पाटलाच्या दोघी बायका, एक या काठची, एक त्या काठची, ओढ्यावर धुणं धुताना भांडता भांडता पाण्यात गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी हा बार घालायचा, नाही घातला तर पाऊस रुसतो, अशी समजूत.

मुलीला न्यावं का? मी नेईन. माझी भाची आठ वर्षांची असताना मी नेली होती. तिने काय पाहिलं ते तिने परत येताना सांगितलं: 'मावशी, त्या आजी एवढ्या चिडल्या होत्या आणि मग हसत हसत पदर सावरून निघून गेल्या.' बार तसाच आहे. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या सत्तरीच्या बाईला त्या दिवशी काठावर उभं राहून सगळ्या जगासमोर हात नाचवायची मोकळीक असते. पलीकडे तिची नात्यातलीच कोणीतरी उभी असते. बार संपला की राग तिथेच ओढ्यात सोडायचा. मध्ये पोलीस, त्यातही महिला पोलीस, पाण्यात साखळी करून उभ्या असतात, कारण भरात येऊन ओढा ओलांडायचा प्रयत्न होतोच.

एक विनंती मात्र पोटतिडकीने करते. तिथे हल्ली मोबाईल वर धरून बायकांच्या तोंडाजवळ जाणारे खूप झालेत. त्या बायकांचे हातवारे तोडून, मथळा चढवून ते फिरवलं जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच घरातल्या सुना बाराला यायला लाजतात. दोन वर्षांपूर्वी एका सासूने मला हे डोळ्यात पाणी आणून सांगितलं. लांबून बघा, हवं तर ओढ्याचा, वाजंत्र्यांचा फोटो काढा, चेहऱ्यांचा नको.

बार अर्ध्या तासात आटोपतो, म्हणून उशीर करून चालत नाही. साडेदहापर्यंत गावात असा. श्रावणातला चिखल असतो, चपला घसरतात, बूट घाला. रस्ता सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद असा. सासूबाईंसाठी रेल्वेही चांगली: पुणे-मिरज मार्गावर जेजुरी, नीरा, लोणंद ही तिन्ही स्थानकं आहेत, लोणंदहून रिक्षा मिळते.

जेजुरी तुम्ही पाहिली असणार, पण सोमवती अमावास्येची जेजुरी वेगळी. अमावास्या सोमवारी आली की खंडोबाची पालखी गड उतरून धालेवाडीजवळ कऱ्हेवर स्नानाला जाते. पालखी खाली येत असल्यामुळे गडाच्या पायऱ्या न चढता, वाटेवर एका बाजूला उभं राहूनही ती दिसते, गुडघेदुखीच्या माणसासाठी ही मोठी सोय. सगळा रस्ता, माणसं, छपरं पिवळीधमक होतात. चष्मा घाला, कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये ठेवा, मुलीच्या नाकावर रुमाल बांधा. भंडारा हळदीचाच घ्या. स्वस्त पिवळी पूड डोळ्यांत गेली की दिवसभर चुरचुरते. बोटावर घेऊन वास घ्या, हळदीचा वास लपत नाही. गर्दी सोसत नसेल तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ धरा. त्या वेळी गडावर 42 किलोचा खंडा, म्हणजे तलवार, उचलायची स्पर्धा असते. पोरं तो एका हातात आडवा तोलून धरतात, काही जण दातांनी उचलतात. त्यासाठी मात्र पायऱ्या चढाव्या लागतात, चारशेच्या आसपास आहेत.

आणि ज्याला तिथी लागत नाही असं एक ठिकाण: निघोजचे रांजणखळगे. माझं सगळ्यांत आवडतं. शिरूरहून वीस-पंचवीस किलोमीटर आत, कुकडी नदीवर. अलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं निघोज, मध्ये नदीने काळ्या कातळात कोरलेली घळ. घळीच्या तळाशी आणि काठाशी शेकडो खड्डे, काही वाटीएवढे, काही माणूस उभा बुडेल एवढे, बरेचसे रांजणासारखे तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगलेले.

हे कसे झाले ते मुलीला तिथेच दाखवा. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे नदी आली. पुराच्या पाण्यात गोटे वाहत येतात, एखादा पोकळीत अडकतो, आणि भोवऱ्याबरोबर गरगर फिरत राहतो. जात्यात दळावं तसं तो गोटा खळग्याची भिंतही घासतो आणि स्वतःही झिजतो. कोरड्या खळग्याच्या तळाशी हे गोटे अजून पडलेले असतात, अंड्यासारखे गुळगुळीत. मी मुलांना एक काम देते: खळग्याच्या आतल्या भिंतीवर डोळे मिटून हात फिरवा. मळसूत्रासारख्या आडव्या, किंचित चढत जाणाऱ्या खाचा बोटांना लागतात. पाणी कुठल्या दिशेने फिरत होतं ते हाताला कळतं. एकदा एक अंध गृहस्थ आमच्याबरोबर होते, ते एका खळग्यापाशी पाऊण तास बसले. शेजारून आम्ही सगळे फोटो काढून परत आलो, पण त्या दगडातली नदी कळली ती त्यांनाच.

हे खळगे आशियातले सर्वांत मोठे की आणखी कशातले, यावर तिथले फलक मोठमोठे दावे करतात. तिकडे लक्ष देऊ नका, दगड पुरेसा आहे.

काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, चैत्र वद्य अष्टमीला तिची मोठी यात्रा भरते. पण खळगे बघायला यात्रेचा दिवस नको आणि पावसाळाही नको, पुरात सगळं पाण्याखाली जातं. डिसेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम. दहानंतर कातळ तापतो. सर्वांत महत्त्वाचं: कुकडीवर वरच्या बाजूला धरणं आहेत आणि शेतीसाठी पाणी, म्हणजे आवर्तन, सोडलं की नदीचं पाणी बघता बघता वाढतं. मी उतरण्याआधी देवळाजवळच्या हार-नारळवाल्यांना विचारते, 'पाणी सुटलंय का?' त्यांनी नको म्हटलं तर वरूनच बघायचं. एकदा आमच्या गाडीच्या चालकाने, कोरडं तर आहे, म्हणून काही मुलांना खाली सोडलं. शिट्ट्या मारून वर बोलावलं, आणि वीस मिनिटांत ते उभे होते तो दगड दिसेनासा झाला. ओल्या शेवाळलेल्या कडेला कोणाला जाऊ देऊ नका, खळग्यात घसरलेला माणूस गुळगुळीत भिंतीमुळे वर येऊ शकत नाही. सासूबाईंना देवळाच्या बाजूने वरूनही घळ छान दिसते.

येताना वेळ उरला तर शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. मोर बघायचे तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, म्हणून दुपारी चारला तिथे पोहोचेल असा बेत करा. पिसारा फुलवून नाचणारा मोर पावसाच्या सुरुवातीला दिसतो, हिवाळ्यात पिसारा झडलेला असतो, हे मुलीला आधी सांगा नाहीतर तिचा हिरमोड होईल.

तुमच्या घरासाठी मी क्रम असा लावेन: पहिली सहल निघोजची, डिसेंबरातल्या कुठल्याही शनिवारी. ती सोपी आहे, आणि सासूबाईंना किती झेपतं ते कळेल. मग फाल्गुनात बावधन. बार श्रावणात, तोवर मुलगी एक वर्षाने मोठी झालेली असेल. गाडीत प्रत्येकी दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी, एक जुनी चादर आणि सुटे पैसे ठेवा. यात्रेत मोबाईलची रेंज गर्दीने बसते आणि ऑनलाइन पैसे जात नाहीत. हरवलं तर कुठे भेटायचं ती खूण, झाड किंवा दीपमाळ, गाडीतून उतरल्या उतरल्या मुलीला बोट दाखवून ठरवून द्या.